कानात कोण बोलतंय? मोटर रेसिंग, स्की रेसिंग आणि टीममधलं बोलणं

पानउलट्या

धागा काढायचं निमित्त म्हणजे घरातलं भांडण. शनिवारी मावसभाऊ जेवायला आला होता आणि लॅपटॉपवर ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलची स्कीची डाउनहिल शर्यत लावली होती. हात धुता धुता तो म्हणाला, "हा खरा खेळ. एकटा माणूस, पायाला दोन फळ्या, खाली उतार. तुमच्या मोटर रेसिंगमध्ये काय, कानात बसलेला साहेब सांगेल तसं स्टिअरिंग फिरवायचं."

मला झोंबलं, कारण तो कानातला साहेब मीच होतो. त्याच्याच गाडीत.

तो किस्सा आधी सांगून टाकतो. नाशिकजवळ कच्च्या रस्त्यावरची रॅली होती. तो ड्रायव्हर, मी नॅव्हिगेटर. रेकीच्या, म्हणजे शर्यतीआधी रस्ता बघून यायच्या, दोन फेऱ्यांत मी वहीत पेसनोट्स, म्हणजे वळणावळणाची टिपणं, उतरवून घेतल्या होत्या. "लेफ्ट फोर, ऐंशी, राइट थ्री टायटन्स, डोन्ट कट" असं सगळं. (ऐंशी म्हणजे मीटर, टायटन्स म्हणजे वळण पुढे आवळत जातं, बाकी आकडा वळणाचा. आमच्या वहीत एक म्हणजे जवळजवळ मागे वळणं, सहा म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय न काढता.) तिसऱ्या स्टेजला घामेजल्या बोटांनी दोन पानं एकदम उलटली गेली, मला पत्ताच नाही. मी खणखणीत आवाजात "राइट फाइव्ह" म्हणालो आणि रस्ता गेला डावीकडे. आम्ही माझ्या शब्दाला जागून उजवीकडे, थेट कांद्याच्या शेतात. शेतकरी धावत आला, "लागलं का रं कुणाला?" म्हणाला, आणि नाही म्हटल्यावर वाफे मोजायला लागला. आयडी तेव्हापासूनचा.

लोक विचारतात, त्याला समोरचा रस्ता दिसत नव्हता का? धूळ, चढाचा माथा, पलीकडचं वळण अजून पोटात. तिथे ड्रायव्हर डोळ्यांनी चालवतच नाही, कानांनी चालवतो. मी चूक सांगितलं तरी तो गेला, हेच आमचं टीमवर्क. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आता श्ट्राइफकडे, म्हणजे किट्झब्यूलच्या त्या उताराकडे या. लांबी ३३१२ मीटर, वरपासून खालपर्यंत ८६० मीटरची घसरण, आणि सुटल्यावर काही सेकंदांतच माउसफाले, म्हणजे उंदराचा सापळा, जिथे उतार ८५ टक्क्यांचा आहे. चांगला स्कीअर दोन मिनिटांच्या आत खाली. फ्रिट्झ श्ट्रोब्लचा १९९७ चा १ मिनिट ५१.५८ सेकंदांचा विक्रम प्रसिद्धच आहे. आणि या सगळ्या वेळात त्याच्या कानात कुणी नसतं. ना इंजिनिअर, ना कोच, ना माझ्यासारखा पानउलट्या.

माझं म्हणणं असं: मोटर रेसिंगमध्ये टीम शर्यतीच्या आत असते, स्कीत टीम स्टार्ट गेटपाशी थांबते. पण त्यामुळे स्की एकट्याचा खेळ होत नाही. उलट सगळं बोलणं आधी संपवावं लागतं, आणि ते जास्त अवघड असावं असा मला संशय आहे. जाणकारांनी भर घालावी. मावसभावाला उत्तर द्यायचंय.


टायर_सोळा

पयला! (खूप वर्षांनी ही संधी.)

मावसभावाला सांगा, साहेब कानात असतो आणि वीस-एक माणसं गुडघ्यावर असतात. एकेका चाकाला तिघं. एक गनवाला, एक जुनं चाक ओढणारा, एक नवं बसवणारा. पुढे-मागे जॅकवाले, दोन्ही बाजूंनी गाडी धरणारे वेगळे. फॉर्म्युला वनमध्ये (एफ-वन) २०२३ ला कतारला मॅकलारेन संघाने आपल्या लँडो नॉरिसची चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. "चाकं बदलली" एवढं म्हणायला मला त्याहून जास्त वेळ लागतो.

मजा म्हणजे त्या वेळात कुणी कुणाशी एक शब्द बोलत नाही. बोलायला वेळच नाही. म्हणजे ज्या खेळात दिवसभर रेडिओवर कलकलाट, त्याच्यातलं सगळ्यात भारी टीमवर्क मुक्यानेच होतं.

आणि बोलणं चुकलं की काय होतं ते २०२० च्या साखीर ग्रांप्रीत बघा. मर्सिडीजच्या हॅमिल्टनला कोविड, त्याच्या जागी जॉर्ज रसेल, जोडीला बोटास. पोरगा आघाडीवर. सेफ्टी कार (सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) आली, मर्सिडीजने दोन्ही गाड्या एकामागोमाग पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी चाकं बदलायच्या जागी, बोलावल्या. नेमका रेडिओत घोळ झाला आणि टायर घेऊन बाहेर यायचा निरोप अर्ध्या लोकांपर्यंत पोचलाच नाही. रसेलच्या गाडीला पुढची चाकं लागली बोटासची! मागे बोटास उभा, त्याच्यासाठी पुढची चाकंच नाहीत. शेवटी त्याला त्याच्याच जुन्या टायरवर परत पाठवला. रसेलला पुढच्या लॅपला पुन्हा आत यावं लागलं. जिंकला सर्जिओ पेरेझ. सगळं कशापायी, तर एक वाक्य हवेत विरलं.


कशाला_उगाच

दोन्ही खेळ वेगळे, आंबा आणि फणसाची तुलना करण्यात काय हशील? स्कीत घड्याळाशी एकट्याची लढाई, मोटारीत सगळे एकाच वेळी ट्रॅकवर. संपला विषय.


टायर_सोळा

@कशाला_उगाच, आयडीला जागलात.


तळटीप

धागाकर्त्यांनी "कानातला साहेब" असं ढोबळ म्हटलंय, तिथे थोडं थांबायला हवं. एफ-वनच्या नियमावलीत, ड्रायव्हरने गाडी एकट्याने आणि मदतीशिवाय चालवावी असंच म्हटलेलं आहे. २०१६ मध्ये त्या कलमाची कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि रेडिओवर काय सांगायचं, काय नाही यावर बंधनं आली. सिल्व्हरस्टोनला निको रॉसबर्गचा गिअरबॉक्स सातव्या गिअरला अडकायला लागला. इंजिनिअरने सेटिंग बदलायला सांगितलं, वर सातव्यातून पटकन पुढे जा असंही सांगितलं. शर्यतीनंतर १० सेकंदांची शिक्षा, दुसऱ्याचा तिसरा झाला. त्याच महिन्यात जर्मनीच्या शर्यतीआधी बरीचशी बंधनं उठवावी लागली, कारण गाड्या इतक्या गुंतागुंतीच्या झाल्यात की ड्रायव्हरला निम्मं माहीत असणंच शक्य नव्हतं.

दुसरं, पिटमधून थेट गाडीचं सेटिंग बदलण्यावर २००३ पासून बंदी आहे. पिटवाल्यांना शेकडो सेन्सरचे आकडे दिसतात, पण हात लावता येत नाही. म्हणून तर बोलावं लागतं. इंजिनिअर म्हणतो, ड्रायव्हर बटण फिरवतो. आणि कधी कधी ड्रायव्हर "मला एकट्याला सोडा, मला कळतंय मी काय करतोय" असंही म्हणतो. अबू धाबी २०१२, किमी रायकोनेन. म्हणाला आणि जिंकला, म्हणून ते टी-शर्टवर आलं. हरला असता तर उद्धट ठरला असता.

अवांतर: पिवळा झेंडा दोन्ही खेळांत आहे. मोटारीत तो दिसला की वेग कमी करायचा, ओव्हरटेक नाही. स्कीत पुढचा पडला असेल तर मागच्याला पिवळा झेंडा दाखवतात. त्याने तिथल्या तिथे थांबायचं आणि मग त्याला पुन्हा धावण्याची संधी मिळते. शर्यत चालू असताना स्कीअरला मिळणारा अधिकृत निरोप बहुधा एवढाच. "थांब."


हिमगौरी

मी इन्सब्रुकजवळ राहते, माहेर पुण्याचं. मुलगी १३ वर्षांची, गावच्या स्की क्लबकडून शर्यती करते. हिवाळ्यातले रविवार मी उतारावर गेट जज (गेटं म्हणजे उतारावर रोवलेल्या काठ्या, त्यांच्यामधून सगळे नीट गेले का हे बघणारी) म्हणून पाय बधिर करून घेण्यात घालवते. (पालकांना आळीपाळीने हे काम लागतंच.) त्यामुळे चार गोष्टी जवळून बघितल्यात.

टीम स्टार्ट गेटपाशी थांबते हे खरं. पण तिथवर ती केवढी असते ते टीव्हीवर येत नाही. आमच्याकडे आदल्या रात्री तळघरात सुरू होतं. स्की उलट्या आडव्या टाकायच्या, कानशीने कडा घासायच्या, इस्त्रीने मेण वितळवून तळाला पाजायचं, गार झालं की पट्टीने खरवडायचं, मग ब्रश, पुन्हा ब्रश. पुरणपोळीच्या आधी कटाचा वास घरभर फिरतो तसा मेणाचा फिरतो. उद्या बर्फ किती गार असेल त्यावर मेण ठरतं. वर्ल्ड कपात या कामाला वेगळा माणूस असतो, सर्व्हिसमन, बहुतेक वेळा स्की कंपनीचा. लिंडसी वॉनच्या मागे हाइन्झ हेमर्ले होता, त्याआधी तो बोडी मिलरचा. वरच्या फळीतले स्कीअर डझनांनी जोड बाळगतात आणि कुठला जोड कुठल्या बर्फावर धावतो हे सर्व्हिसमनच्या डोक्यात असतं. तुमच्या नॅव्हिगेटरसारखंच की. फक्त हा आदल्या रात्रीच बोलून झालेला असतो, हातातल्या कानशीने.

त्याची चूकही स्कीअरलाच भोवते. फ्लोरिनच्या मेणावर २०२३-२४ च्या मोसमापासून बंदी आली. पहिल्याच शर्यतीत, झ्योल्डनला, नॉर्वेची राग्नहिल्ड मोविंकेल बाद झाली. स्कीवर फ्लोरिन सापडलं. शर्यत तिने केली होती, मेण तिने लावलं नव्हतं.

मग सकाळी पाहणी. ठरलेल्या वेळात सगळे स्पर्धक गेटांच्या कडेकडेने आडवे घसरत खाली येतात. गेटांमधून वळणं घेत यायची परवानगी नाही, घेतली तर बाद. सगळं पाठ करायचं. नंतर स्टार्टपाशी बघावं तर दहा-बारा माणसं डोळे मिटून, हात पुढे धरून डावीकडे-उजवीकडे डुलत असतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कीर्तनात अंगात आल्यासारखं वाटलं होतं. ते मनातल्या मनात उतरून येत असतात. डाउनहिलला निदान आधी सराव धाव होते. स्लालमला, म्हणजे जवळजवळ लावलेल्या गेटांमधून वळत जायच्या शर्यतीला, तेही नाही. आणि तिथे गेट कोण लावतं? कुठल्यातरी संघाचाच कोच, सोडतीने. दुसऱ्या धावेसाठी दुसरा कोच, दुसरी रचना. सोची ऑलिंपिकला २०१४ मध्ये स्लालमच्या दुसऱ्या धावेची रचना आन्ते कोस्टेलिचकडे आली, आणि त्यांचा मुलगा इविका स्वतः त्या शर्यतीत होता! रचना इतकी वेडीवाकडी होती की भलेभले बाहेर गेले, नंतर टीकाही भरपूर झाली. सुवर्ण मारिओ माटला. एफ-वनमध्ये फेरारीच्या माणसाने आदल्या दिवशी ट्रॅकची वळणं ठरवली असती तर काय झालं असतं याची कल्पना करा.

आणि आता तुमचा मुद्दा, बोलणं. इथे वॉकीटॉकीला 'फुंक' म्हणतात. जर्मन शब्द आहे, पण मराठी माणसाला पहिल्यांदा ऐकून हसूच येतं, कारण काम अगदी कान फुंकण्याचं. कोच उतारभर पांगलेले असतात, महत्त्वाच्या वळणांवर एकेक. पहिले काही स्पर्धक गेले की फुंकवर सुरू होतं: अमुक गेटनंतर बर्फ उघडा पडलाय, तमुक ठिकाणी उडी वाटते त्यापेक्षा लांब जाते, ओळ जरा वर धर. वर स्टार्टला एक कोच ते ऐकतो आणि पुढच्याच्या कानाशी लागून दोनच वाक्यं सांगतो. दोनच. तिसरं सांगितलं की पोराच्या डोक्यात काहीच राहत नाही. हे मी आमच्या क्लबच्या कोचकडून शिकले. तो खालून येणाऱ्या दहा निरोपांतले आठ गिळतो.

खाली पोचलेला स्कीअरही फुंक हातात घेतो आणि आपल्याच संघातल्या पुढच्याला सांगतो की कुठे काय आहे. म्हणजे जो आपल्याला हरवू शकतो त्यालाच मदत. नॉर्वेची मंडळी यासाठी नावाजलेली. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकच्या डाउनहिलला स्विंडाल पहिला आणि यान्सरूड दुसरा, फरक ०.१२ सेकंद. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांना सगळं सांगत आले होते.


सातारी_खिल्लार

अवांतर: बैलगाडा शर्यतीतही बैलांच्या कानात कुणी बोलत नाही, तरी टीमवर्क असतंच. गुलाल उधळणाऱ्यांचं वेगळं. हलके घ्या.


टायर_सोळा

@हिमगौरी, जबरदस्त. वाचनखूण साठवली.

पण हे "हरवू शकतो त्यालाच मदत" प्रकरण एफ-वनवाल्यांना झेपायचं नाही. इथे पहिला शत्रू म्हणजे शेजारच्या गॅरेजमधला. डेटा दोघांना दिसतो, पण तो संघ दाखवतो म्हणून, कुणी प्रेमाने देत नाही. आणि कानातला आवाज कधी मदतीचा नसतो, हुकमाचा असतो. २०१० ला हॉकेनहाइममध्ये फेरारीचा इंजिनिअर रॉब स्मेडलीने आपल्या ड्रायव्हरला, मासाला, एवढंच सांगितलं की फर्नांडो (अलोन्सो, फेरारीचाच दुसरा ड्रायव्हर) तुझ्यापेक्षा वेगात आहे, कळलं का? कळलं. मासाने वाट सोडली, अलोन्सो जिंकला, फेरारीला एक लाख डॉलरचा दंड. तेव्हा संघादेशांवर बंदी होती म्हणून ही सांकेतिक भाषा. पुढच्या वर्षी बंदीच उठली. २०१३ ला मलेशियात रेड बुलच्या दोघांना "मल्टी २१" म्हणजे वेबर पुढे, वेटेल मागे असा निरोप होता. वेटेलने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि जिंकला. निरोप पोचला नाही असं नव्हे हो, पोचला आणि पाळला नाही. याला संवाद म्हणायचं की विसंवाद?


जुनाखोड

पानउलट्या, तुमच्या कांद्याच्या शेताची हकिकत वाचून मला १९५५ सालची मिले मिलिया आठवली. इटलीत भर रस्त्यांवरून सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत. मर्सिडीजचा चालक स्टर्लिंग मॉस आणि शेजारी दाढीवाले पत्रकार डेनिस जेंकिन्सन. जेंकिन्सन यांनी सरावाच्या फेऱ्यांत सगळ्या मार्गाची टिपणं केली आणि ती एका लांबलचक कागदी गुंडाळीवर उतरवली. ती गुंडाळी एका पेटीत बसवून काचेतून वाचत फिरवत जायचं. पान दोन-दोन उलटण्याची सोयच ठेवली नव्हती, हे आपण लक्षात घ्यावे.

खरी गंमत पुढे आहे. आधी त्यांनी बोलण्यासाठी इंटरकॉम लावून पाहिला. आवाज पोचत होता, परंतु मॉस पूर्ण एकाग्र होऊन गाडी हाकू लागला की त्याला ते बोलणे ऐकूच येईना. मन सगळे रस्त्यात. म्हणून शेवटी हाताच्या खुणा ठरवल्या आणि त्या खुणांवर दोघे १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत ती शर्यत जिंकले. सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटरच्या वर. तेव्हा, तांत्रिकदृष्ट्या रेडिओ असणे आणि माणसाच्या कानात जागा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्कीच्या त्या दोन मिनिटांत कुणी बोलले असते तरी ऐकले कुणी असते?


कशाला_उगाच

जुनाखोड यांचा प्रतिसाद आवडला. मी माझं आधीचं विधान अर्धं मागे घेतो. अर्धं ठेवतो, कारण हिमगौरींनी सांगितलेलं फुंक वगैरे सगळं करूनही लोक त्याच जागी पडतातच की. २०१६ ला त्याच किट्झब्यूलला श्ट्राइटबेर्गर, स्विंडाल आणि राइशेल्ट, तिघंही हाउसबर्ग नावाच्या चढ-उताराखाली एकाच टप्प्यात पडले. शेवटी ३० जणांनंतर शर्यत थांबवली. माहिती वर पोचली नसेल असं थोडंच?


हिमगौरी

पोचली असणारच. पण त्या दिवशी ढगाळ होतं आणि अशा उजेडात बर्फावरचा उंचवटा दिसतच नाही. "इथे खड्डा आहे" हे कानाने कळून पायाला उपयोग नसतो. पाय दिसेल त्यावर चालतात. कदाचित तुमच्या रॅलीत आणि आमच्यात हाच फरक असावा. तुमचा ड्रायव्हर न दिसणाऱ्या वळणाला ऐकून वळतो, कारण आवाज त्या क्षणी येतो. आमच्याकडे आवाज मिनिटभर आधीचा.


तळटीप

इथे पॅरा स्कीचं नाव निघायलाच हवं होतं. दृष्टिबाधित स्कीअरच्या पुढे एक गाइड स्की करत जातो आणि दोघांच्या हेल्मेटमध्ये हेडसेट असतात. सतत बोलणं चालू. वळ, उंचवटा, सोड, आता. ब्रिटनच्या केली गॅलहर आणि गाइड शार्लट एव्हान्स यांनी २०१४ मध्ये सोचीच्या पॅरालिंपिकला सुपर-जी या स्की प्रकाराचं सुवर्ण जिंकलं. २०१८ मध्ये मेना फिट्झपॅट्रिक आणि जेन केहो यांनी स्लालमचं. पदक दोघींनाही मिळतं. गाइडने फार पुढे जाऊन चालत नाही, मागे राहून चालत नाही, आणि तिला पुढचा उतार आणि मागचा आवाज दोन्ही सांभाळावं लागतं. धागाकर्ते, तुमची रॅली बर्फावर कुठे असेल तर ती इथे आहे.


पानउलट्या

तळटीपसाहेब, हे मला अजिबात माहीत नव्हतं. कालपासून ते व्हिडिओ शोधून शोधून बघतोय. गाइड स्वतः ताशी शंभरच्या आसपास वेगाने उतरतेय आणि मागे वळून न बघता मागचीशी बोलतेय. माझं तर सीटला बांधलेलं असूनही पान उलटलं.

भारताचं म्हणाल तर आपला गुलमर्गचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला संपूर्ण भारतीय पथकातला एकमेव खेळाडू होता. जायंट स्लालमला ४५ वा आला. फुंकवर निरोप द्यायला पुढे धावून गेलेला सहकारी त्याला कुठून असणार? मोठ्या संघांच्या पोराला वर उभं असताना जे फुकट मिळतं ते याने स्वतःच्या डोळ्यांनीच गोळा करायचं. त्या ४५ ला माझा वेगळा सलाम.

हिमगौरीताई, एक खाजगी प्रश्न, नको वाटलं तर सोडून द्या. तुमची लेक खाली पोचल्यावर मैत्रिणींना खरं सांगते का?


हिमगौरी

:) सांगते. गेल्या महिन्यात तिचा सुटायचा नंबर चौथा होता, मैत्रिणीचा अकरावा. लेकीने खाली येऊन फुंकवर सांगितलं की अमुक ठिकाणी बर्फ निघालाय, आधीच वळ. मैत्रीण तिच्यापेक्षा सेकंदाच्या नऊ शतांशांनी पुढे गेली. गाडीत घरी येईपर्यंत एक शब्द नाही.

पुढच्या शर्यतीलाही तिने सांगितलं. मैत्रीण आठव्या गेटला अकारण लवकर वळली, वेग गेला, सतरावी आली. लेक म्हणते मी "आख्टसेन", अठरा, म्हणाले. मैत्रीण म्हणते मला "आख्ट", आठ, एवढंच ऐकू आलं. वरचा कोच म्हणतो वारा होता.


टायर_सोळा

मराठीत सांगितलं असतं तरी आठ आणि अठरा! कान फुंकणे ते हेच. ताई, फुंकचं रेकॉर्डिंग असतं का?


हिमगौरी

नसतं. काल सरावाला दोघी लिफ्टच्या एकाच खुर्चीत बसून वर गेल्या, म्हणून मीही विचारणं सोडलं.


पानउलट्या

मावसभावाला सगळा धागा वाचून दाखवला. मिले मिलियाच्या गुंडाळीपाशी म्हणाला, "बघ, पेटी करायची अक्कल १९५५ ला होती." बाकी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी उठताना म्हणाला, "ते ठीक आहे. पण कांद्याचे साडेतीन हजार मीच दिले होते."